नीत्शे वाचायचा तर दिवसाला एकच तुकडा

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे बऱ्याचदा क्रमांक घातलेल्या छोट्या तुकड्यांत लिहायचा. तो सलग वाचू नका. मी ती चूक केलीय. एका रात्रीत साठेक तुकडे संपवले आणि सकाळी हाताशी राहिली चार झणझणीत वाक्यं, स्टेटसला टाकण्यापुरती.

सुरुवात 1878 सालच्या ‘मानवी, फारच मानवी’पासून करा. 638 तुकडे आहेत, आणि भाषांतर कुठलंही असलं तरी क्रमांक तेच. पहिल्या पानाचा हट्ट नको; चौथं प्रकरण कलावंत आणि लेखकांवर आहे, थेट तिथे शिरा. तुकडा वाचायचा आणि फोन घरी ठेवून चालायला जायचं. डोळे आणि डोकेदुखीने बेजार झालेला नीत्शे स्वतःसुद्धा चालता चालता वहीत टिपणं करायचा. 24व्या वर्षी मिळालेलं स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचं प्राध्यापकपद त्याने 1879 मध्ये आजारपणामुळेच सोडलं.

155व्या तुकड्यात संगीतकार बेथोव्हनच्या वह्या येतात: त्याच्या सुंदर सुरावटी एकदम सुचलेल्या नव्हत्या, हळूहळू वेचून जुळवलेल्या होत्या. 162वा चिमटा काढतो. एखाद्याला ‘दैवी’ म्हटलं की त्याच्याशी बरोबरी करायची जबाबदारी टळते. इथे पुस्तक मिटा आणि आपण कुणाकुणाला दैवी ठरवून मोकळे झालो, त्यांची नावं लिहा. माझी पाच निघाली. त्यातला एक तर वर्गात मागच्या बाकावर बसायचा!

163वा नुसता वाचून भागत नाही. कथा लिहायची आहे ना? मग शंभरावर कच्चे आराखडे करा, एकही दोन पानांच्या वर नको, एकही शब्द फालतू नको. अशा सरावात दहाएक वर्षं जाऊ द्या, म्हणतो. माझे सत्तावीस झालेत. पहिल्यात बहिणीशी झालेलं भांडण होतं, साडेतीन पानं. ‘खूप’ अकरा वेळा खोडलं, पाऊस काढला, मग माझी बाजू मांडणारा परिच्छेद काढला. दीड पान उरलं आणि त्यात बहीणच बरोबर दिसायला लागली.

मैत्रीवरचा तुकडा शेवटी ठेवा: 1882च्या ‘आनंदी विज्ञान’ (The Gay Science) या पुस्तकातला 279वा. आपापल्या वाटेने निघालेली दोन जहाजं, मध्ये कधीतरी एका बंदरात एकत्र. स्वतःहून 31 वर्षांनी मोठ्या संगीतकार वाग्नरशी नीत्शेचं फाटलं होतं, पण तुकड्यात नाव कुणाचंच नाही. तुम्हीही वाचताना पटकन कुणाचं नाव घालू नका.

मी घातलं. अठ्ठाविसावा आराखडा सात वर्षं न बोललेल्या मित्रावर आहे. सध्या चार पानं झालीत, आणि ‘मी’ खोडायला अजून हात लावलेला नाही.