एका कान्याचा फरक : सातवीला अद्भुत कादंबरी शिकवताना

"मिस, गप म्हणजे गप्प ना?"

मी फळ्यावर दोन गोल काढले होते. एकात 'गप' लिहिलं होतं, दुसऱ्यात 'चूप', कादंबरीतल्या दोन भांडणाऱ्या देशांची नावं, आणि वर्गाकडे नुकतीच वळले होते. मी तोंड उघडायच्या आत तो मुलगा पुढे म्हणाला, "आणि चूप म्हणजे पण गप्पच. मग दोन्हीकडचे गप्प असतील तर ते भांडतात कसे?"

वर्ग हसला. मीही हसले, पण आतून हबकले. आदल्या रात्री केलेल्या लेसन प्लॅनमध्ये 'गप म्हणजे बडबडे लोक, उजेड. चूप म्हणजे मुके लोक, अंधार' असा स्वच्छ तक्ता होता. हिंदी-उर्दूच्या कानाला तो बरोबरच आहे, कारण तिकडे गप म्हणजे बाता. आपल्याकडे मात्र 'गप्प' म्हणजे तोंड बंद आणि 'गप्पा' म्हणजे तोंड सुटलेलं. मध्ये फक्त एक काना. इंग्रजी वाक्य वाचताना तो मुलगा मराठीत विचार करत होता, आणि माझ्या तक्त्यात त्याला जागाच नव्हती.

मी ठाण्यात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. वर्गात ४६ मुलं. कादंबरी सलमान रश्दींची, 'हारून अँड द सी ऑफ स्टोरीज', १९९० सालची. बी.एड. करून नुकत्याच रुजू झालेल्या आणि जूनमध्ये "ही कादंबरी तुम्ही घ्या" म्हणून हातात पुस्तक टेकवलं गेलेल्यांसाठी हे लिहितेय. तुमचं पुस्तक दुसरं असेल, पण खाचखळगे साधारण हेच असतील.

गोष्ट थोडक्यात अशी. रशीद खलिफा हा पट्टीचा गोष्टीवेल्हाळ माणूस. गोष्टींवर नाक मुरडणाऱ्या शेजाऱ्यासोबत त्याची बायको घर सोडून जाते. मुलगा हारून रागाच्या भरात बापाला विचारतो, खऱ्या नसलेल्या गोष्टींचा उपयोग तरी काय? त्यानंतर बापाची वाचाच बसते. मग हारून कहाणी नावाच्या चंद्रावर जातो. तिथे गोष्टींचा समुद्र आहे, आणि तो कोणीतरी विषारी करतंय. त्या कोणाचं नाव खत्तमशुद, चूपचा सत्ताधीश. याच चंद्रावर एका बाजूला गप आहे आणि दुसऱ्या बाजूला चूप.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते. पहिल्या वर्षी पहिल्याच प्रकरणावर मी वर्कशीट काढलं. त्यात एक प्रश्न होता, 'तुमची आई अशी निघून गेली तर तुम्हाला कसं वाटेल?' बी.एड.ला शिकवलेलंच असतं ना, पाठ मुलांच्या अनुभवाशी जोडा. ४५ जणांनी 'आय विल फील सॅड' लिहून दिलं. एक कागद कोरा आला. त्यावर नाव होतं, तारीख होती, समास आखलेला होता, बाकी काही नाही. मी लाल पेनाने 'इन्कम्प्लीट' लिहिलं आणि दुपारी स्टाफरूममध्ये त्या घरची परिस्थिती कळली. कागद परत दिला तेव्हा त्याने तो घडी घालून दप्तरात ठेवला आणि माझ्याकडे बघितलंही नाही. तेव्हापासून मुलाच्या घरात शिरणारा एकही प्रश्न मी विचारत नाही. हारूनबद्दल विचारते. हारूनच्या आडून मुलांना जे बोलायचं असतं ते बोलतात, आणि नसेल बोलायचं तर हारून त्यांना लपायलाही जागा देतो. अद्भुत कादंबरीचा वर्गातला सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो.

उदाहरणच देते. आई ११ वाजता गेली, म्हणून हारूनचं लक्ष ११ मिनिटांपलीकडे टिकत नाही, असं पुस्तकात आहे. दुसऱ्या वर्षी मी काहीच विचारलं नाही, फक्त ते पान दोनदा वाचलं. थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली, "मिस, त्याला ११ वाजताच अडकायला झालंय." याहून चांगलं उत्तर माझ्या आन्सर-कीमध्येही नव्हतं.

आता वेळेचं. पुस्तकात १२ प्रकरणं आहेत. आमच्याकडे आठवड्याला दोन पिरियड, प्रत्येकी ३५ मिनिटांचे, आणि त्यातली पाच मिनिटं वह्या काढण्यात जातात. जुलैत पावसाच्या सुट्ट्या, मग गणपती, मग युनिट टेस्ट. १२ प्रकरणांना सारखे पिरियड वाटून दिलेत तर दिवाळीपर्यंत हारून घरातच बसलेला असेल. मी पहिल्या प्रकरणाला सहा पिरियड देते आणि पाचवं-सहावं जवळजवळ पळवते. त्यातलं बरंचसं मी तोंडी सांगते, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. आठव्याला पुन्हा थांबते.

मोठ्याने वाचायचं काम स्वतः करा. मुलांना ओळीने उभं करून एकेक परिच्छेद वाचायला लावणं म्हणजे कादंबरीचा खून आहे. आपली पाळी कधी येणार हे मोजण्यात निम्मा वर्ग गुंतलेला असतो, आणि जो अडखळतो त्याच्या पोटात गोळा आलेला असतो. मी वाचते, मुलं पुस्तकात बघत ऐकतात. संवाद मात्र वाटून देते, कारण त्यासाठी हात वर करणारे आपणहून मिळतात. इफ् नावाचा पाण्याचा जिन आणि बट नावाचा यांत्रिक हुदहुद पक्षी यांच्यासाठी तर मारामारी असते. एकदा कोणीतरी त्या दोघांना 'किंतु आणि परंतु' म्हटलं आणि वर्षभर तीच नावं राहिली. राजकन्या बातचीतच्या नाकावरचे आणि बेसूर गाण्यावरचे विनोद मात्र मला आवडत नाहीत. मी ते वाचते आणि आवडत नाहीत हेही वर्गाला सांगते. पुस्तकातलं सगळंच मिसना पसंत असतं असं नाही, एवढं मुलांना कळलेलं बरं.

सगळ्यात उपयोगी पडलेला खेळ खत्तमशुदने शिकवला. तो समुद्रातल्या प्रत्येक गोष्टीसाठी एक उलटी गोष्ट तयार करतो, जी मूळ गोष्टीला मारून टाकते. हे वाचल्यावर मी मुलांना म्हटलं, घरी ऐकलेली कुठलीही एक गोष्ट घ्या आणि तिला विष घाला. अट एकच, तीन वाक्यांत मेली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पहिली वही आली ती काऊ-चिऊची. 'कावळा म्हणाला, चिऊताई चिऊताई, दार उघड. चिमणीने लगेच उघडलं. दोघं झोपली.' वर्ग खो खो हसला. मी विचारलं, का मेली ही? चार-पाच जण एकदम ओरडले, "बाळाला तीट नाही लावली!" बरोबर. थांब माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब तीट लावते, हे थांबवणं म्हणजेच ती गोष्ट आहे. दुसऱ्या एकीने भोपळ्यातल्या म्हातारीला लेकीकडे जातानाच वाघाच्या तोंडी दिलं. ना तूपरोटी, ना टुणूक टुणूक. 'प्लॉट' म्हणजे काय, 'कॉन्फ्लिक्ट' म्हणजे काय, याच्या व्याख्या मी आधीच्या वर्षी फळ्यावरून उतरवून घेतल्या होत्या आणि परीक्षेत त्या तशाच्या तशा परत आल्या होत्या. या वर्षी व्याख्या दिलीच नाही. पेपरात एकाने लिहिलं, 'प्लॉट इज व्हेन चिमणी डझ नॉट ओपन द डोअर.' मी पूर्ण मार्क दिले. को-ऑर्डिनेटर मॅडमनी भुवया उंचावल्या, पण मार्क राहिले.

खेळांचे तोटेही असतात. पुस्तकात अवघड प्रश्नाला 'पी-टू-सी-टू-ई' असं उत्तर मिळतं, म्हणजे 'प्रोसेस टू कॉम्प्लिकेटेड टू एक्सप्लेन', समजावून सांगायला फार किचकट प्रक्रिया. सहामाहीत दोघांनी सायन्सच्या पेपरात फोटोसिंथेसिसच्या प्रश्नाला तेच उत्तर लिहिलं. सायन्सचे सर पेपर घेऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले तेव्हा मला सॉरी म्हणावं लागलं.

गोष्टींचा समुद्र ही कल्पना जुनी आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने संस्कृतात 'कथासरित्सागर' रचला, आणि तोही त्याच्या म्हणण्याप्रमाणे गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'चा संक्षेप. हा गुणाढ्य सातवाहन राजाच्या दरबारातला, प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. मी हे एका ऑफ पिरियडला सांगते, पुस्तक मिटून, मराठीत. राजाला संस्कृत किती दिवसांत शिकवता येईल यावर गुणाढ्याने पैज लावली. हरला. म्हणून त्याने संस्कृत, प्राकृत आणि लोकभाषा तिन्ही सोडल्या. राहिलं काय? गप्प बसणं. गप्प होऊन तो रानात गेला, तिथे 'पैशाची' नावाची पिशाचांची भाषा शिकला आणि स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोक लिहिले. राजाने ते नाकारले. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. ऐकण्यात गुंगून जनावरं चरायची थांबली, रोडावली, आणि राजाच्या ताटातलं मांस निःसत्त्व झालं. राजा चौकशी करत रानात पोचेपर्यंत सहा लाख श्लोक जळून गेले होते.

खऱ्या नसलेल्या गोष्टींचा उपयोग काय, हा हारूनचा प्रश्न मी वर्षभर फळ्याच्या कोपऱ्यात ठेवते आणि कधीच सोडवत नाही. या दिवशी शेवटच्या बाकावरून उत्तर आलं, "राजाचं मटण बिघडतं."

समुद्र विषारी होतो म्हणजे काय, हे मात्र ठाण्यातल्या मुलांना समजावावं लागत नाही. कळव्याहून येणारी रोज खाडी ओलांडून येतात. ओहोटीचा वास, पुलाखालचा काळा गाळ त्यांच्या ओळखीचा. मासुंद्याच्या काठाने शाळेत येणाऱ्यांना तलावात काय काय तरंगतं ते पाठ असतं. मला इथे पर्यावरणावर भाषण द्यायचा मोह होतो. एकदा दिलंही. मुलांच्या डोळ्यांवर ते ओळखीचं झापड आलं, जे परिपाठाला येतं. आता देत नाही.

गप आणि चूपकडे परत येते. त्या मुलाला त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतंच. म्हटलं, पुढे वाचू. मग लक्षात आलं की पुस्तक स्वतःच माझा तक्ता खोडत जातं. पुस्तकातल्या 'डल लेक' नावाच्या तळ्यावर माणसांच्या मनःस्थितीप्रमाणे वादळं उठतात, आणि हारून ती शांत करतो ती सगळ्यांना गप्प बसायला सांगून. आठव्या प्रकरणात चूपचा योद्धा मुद्रा भेटतो. तो हातवाऱ्यांनी बोलतो आणि त्या भाषेचं नाव अभिनय. आमच्या वर्गात कथ्थक शिकणारी एक मुलगी आहे, वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल नसेल. तिला विचारलं, करून दाखवशील? तिने बाकाशेजारी उभं राहून कावळा, दार आणि चिमणी केली. दार न उघडणारी चिमणी तिने फक्त मान आणि बोटांनी दाखवली. ४५ मुलं गप्प.

लढाईत उलटं होतं. पळताना, चालताना, सतत वाद घालणारी गपची सेना एकजुटीने लढते, कारण सगळं आधीच बोलून झालेलं असतं. चूपचे सैनिक एकमेकांवरच संशय घेत मोडतात. तो मुलगा आता स्वतःच फळ्यापाशी आला. 'गप्प' लिहिलं, शेजारी काना काढला, पुसला, परत काढला. म्हणाला, "मिस, हा काना काढता आला पाहिजे आणि पुसता पण आला पाहिजे."

पालकांचंही थोडं. ओपन हाउसला "यावर मार्क किती?" हा प्रश्न येणारच, आकडा तयार ठेवा. आई घर सोडून जाते यावरही कोणीतरी बोलेल. आणि या लेखकाचं नाव काही घरांत चालत नाही, म्हणून पुस्तकाची मंजुरी जूनमध्येच लेखी घेऊन ठेवा. तोंडी "चालेल हो" ऐन वेळी कोणालाच आठवत नाही.

लेखकाची हकीकत मी सुरुवातीला सांगत नाही. सांगितली की मुलं प्रत्येक वाक्यात तीच शोधत बसतात. पुस्तकाच्या सुरुवातीला पाच ओळींची एक अर्पण-कविता आहे, तीही पहिल्या दिवशी नुसती वाचते आणि पान उलटते. या वर्षी शेवटचं प्रकरण संपलं, वह्या गोळा झाल्या, आणि घंटा झाल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली. पहिलं पान उघडलेलं, ओळींच्या पहिल्या अक्षरांभोवती पेन्सिलने गोल. झेड, ए, एफ, ए, आर.

"मिस, जफर कोण?"

दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत सांगितलं. जफर हा लेखकाचा मुलगा. १९८९ साली इराणच्या आयातुल्ला खोमेनींनी एका पुस्तकावरून लेखकाला मारण्याचा फतवा काढला, त्याला घर सोडून लपून राहावं लागलं, आणि त्या काळात त्याने मुलासाठी हे लिहिलं. वर्गात चुळबुळ नव्हती. कोरा कागद देणारा मुलगा तेव्हा आठवीत गेलेला होता. त्याला हे सांगायचं राहून गेलं.

"मिस, मग तो घरी आला का?"

म्हटलं, लपून राहणं बरीच वर्षं चाललं. मग मुलांनी विचारलं बरीच म्हणजे किती, जफर तेव्हा कितवीत होता, आणि त्याला ही गोष्ट आवडली का. शेवटच्या प्रश्नाला वर्गानेच एका सुरात उत्तर दिलं, "पी-टू-सी-टू-ई!" आणि पुढच्या पिरियडचे सायन्सचे सर दारात उभे होते.