वैनी, किती पानं होतील?

बेळगावच्या शहापुरात आमचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. पावसाळा सरता सरता पतसंस्थांच्या वार्षिक सभा सुरू होतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वैनी, किती पानं होतंय तेवढं बघून सांगा की." फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली असते, माणूस फोनवर थांबलेला असतो आणि मी सांगितलेल्या आकड्यावर तो लगेच भाव ठरवून मोकळा होतो.

एका वर्षी अशीच एक्सेलमध्ये केलेली सभासदांची यादी आली. गल्लीवार बारा शीट, नावं मराठीत आणि शेजारी कन्नडमध्ये. मी पहिल्या शीटचा प्रिव्ह्यू बघितला, चार पानं दिसली. चार बारे अठ्ठेचाळीस! तीस प्रतींचा भाव तिथंच ठरला. प्रत्यक्षात एका प्रतीची पानं निघाली 97. तीन शीटांत फोन नंबरचा रकाना उजवीकडे सांडून वेगळ्या पानावर गेला होता, आणि एका शीटात नावं संपल्यावर खूप खाली कुणीतरी नुसता स्पेसबार दाबून ठेवला होता, त्यामुळं मधली कोरी पानंसुद्धा छापून आली. तीस प्रतींना जवळजवळ तीन रिम कागद जास्त गेला आणि त्याचे पैसे मागायला तोंड नव्हतं. आकडा मीच दिलेला!

त्यानंतर मी पानं मोजायचा मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून आपोआप काम करून घेणारा छोटा प्रोग्राम, लिहून ठेवला. तो सांगते, पण त्याआधी दोन गोष्टी बघाव्या लागतात, नाहीतर मॅक्रोही माझ्यासारखाच चुकीचा आकडा देईल.

एक्सेलच्या फाइलीत पानं नसतातच. असतात त्या ओळी आणि रकाने. पान कुठं तुटायचं ते कागद, समास, फॉन्ट आणि निवडलेला प्रिंटर मिळून ठरवतात. साधा हिशोब करून बघा. ए4 कागदाची उंची 297 मिलिमीटर, म्हणजे 842 पॉइंट (एका इंचात 72 पॉइंट). एक्सेलचा नेहमीचा समास वर पाऊण इंच, खाली पाऊण इंच, म्हणजे 108 पॉइंट गेले. उरले 734. कॅलिब्री 11 मध्ये ओळ 15 पॉइंटांची असते, तेव्हा पानावर 48 ओळी बसतात आणि हजार नावांना 21 पानं लागतात. तीच यादी मंगल फॉन्टमध्ये टाका. मंगल वर-खाली भरपूर जागा घेतो. कन्नडसाठी तुंगा वापरला तर अक्षराखाली लोंबणाऱ्या ओत्ताक्षरांना जागा द्यावी लागते. ओळ 20 पॉइंटांची झाली असं धरा, पानावर 36 ओळी आणि हजार नावांना 28 पानं. सीमाभागात दोन्ही भाषा शेजारी शेजारी छापायच्या म्हटल्यावर हे रोजचंच. आणि प्रिंटरनं गुपचूप लेटर, म्हणजे ए4 पेक्षा आखूड असा अमेरिकी मापाचा कागद धरला असेल तर कॅलिब्रीतसुद्धा 45 च ओळी बसतात, 21 ची 23 पानं होतात. पुण्या-मुंबईहून आलेल्या फाइलीत हा लेटर मी कितीदा पकडलाय!

म्हणून फाइल उघडली की आधी ज्या मशिनवर छापणार तो प्रिंटर निवडायचा. मग पेज लेआउटमध्ये जाऊन साइज ए4 करायची, विड्थला एक पान द्यायचं आणि हाइट ऑटोमॅटिकवर ठेवायची. रकाना सांडायचं बंद होतं. मात्र चौदा रकाने एका पानात कोंबले तर अक्षर मुंगीएवढं होतं आणि सभेत म्हातारी माणसं यादी डोळ्याला लावून बसतात. तिथं लँडस्केप, म्हणजे पान आडवं करायचं. प्रत्येक शीटवर कंट्रोल आणि एंड दाबायचं. कर्सर शेवटच्या नावाच्या बराच खाली किंवा उजवीकडे जाऊन पडला तर तिथं काहीतरी भूत आहे. शेवटच्या नावाखालपासून त्या भुतासकट सगळ्या ओळी (भूत उजवीकडे असेल तर रकाने) निवडून डिलीट करायच्या आणि फाइल सेव्ह करायची.

आता मॅक्रो. तो गिऱ्हाइकाच्या फाइलीत घालू नका. स्वतःची एक वेगळी फाइल करा, माझ्या फाइलीचं नाव 'हिशोब' आहे, आणि ती मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक म्हणून सेव्ह करा. नेहमीसारखी सेव्ह केली तर मॅक्रो उडून जातो. पहिल्या शीटच्या पहिल्या ओळीत मथळे टाका: शीट, पानं, कागद. पहिला रकाना टेक्स्ट फॉरमॅटचा करा. गल्लीच्या शीटला कुणी '1-2' असं नाव दिलं असेल तर एक्सेल त्याची तारीख करून ठेवतं, मला एकदा 'अनगोळ'च्या खाली जानेवारी-फेब्रुवारीचं काहीतरी आलं होतं.

मग ऑल्ट आणि एफ11 दाबायचं, मॅक्रो लिहायचा एडिटर उघडतो, तिथं इन्सर्टमधून मॉड्यूल घ्यायचं आणि लिहायला लागायचं. कोड इथं मी फोनवर सांगते तसा देवनागरीत देतेय. निपाणीला तंबाखूच्या वखारीत हिशोब बघणाऱ्या भाच्याला मी तो असाच ओळ-ओळ सांगितला होता. टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायचा, टिंब आणि कंस आहेत तिथंच.

सब पानमोजणी()
डिम डब्ल्यूएस अ‍ॅज वर्कशीट, एच अ‍ॅज वर्कशीट
डिम आर अ‍ॅज लाँग, एन अ‍ॅज लाँग
सेट एच = धिसवर्कबुक.वर्कशीट्स(1)
एच.रेंज("ए2:सी200").क्लिअरकंटेंट्स
आर = 2
फॉर ईच डब्ल्यूएस इन अ‍ॅक्टिव्हवर्कबुक.वर्कशीट्स
इफ डब्ल्यूएस.व्हिजिबल = -1 देन
इफ वर्कशीटफंक्शन.काउंटए(डब्ल्यूएस.सेल्स) + डब्ल्यूएस.शेप्स.काउंट > 0 देन
एन = डब्ल्यूएस.पेजसेटअप.पेजेस.काउंट
एच.सेल्स(आर, 1).व्हॅल्यू = डब्ल्यूएस.नेम
एच.सेल्स(आर, 2).व्हॅल्यू = एन
एच.सेल्स(आर, 3).व्हॅल्यू = (एन + 1) \ 2
आर = आर + 1
एंड इफ
एंड इफ
नेक्स्ट
एंड सब

"मामी, ही उलटी रेघ कुठली ओ?" भाच्यानं विचारलं होतं. एंटरच्या आसपास असते ती. साध्या भागाकाराच्या रेघेनं साडेतीन कागद येतील, उलट्या रेघेनं पूर्णांकच येतो. पाठपोट छपाईत सात पानांना चार कागद लागतात: सातात एक मिळवून आठ, भागिले दोन चार. सहा पानांचे सात होतात, भागाकार साडेतीन, अर्धा टाकला की तीन. प्रत्येक शीटचा कागद वेगळा मोजलाय, कारण एका गल्लीची यादी दुसऱ्या गल्लीच्या पाठीवर छापलेली आमच्याकडे कुणाला चालत नाही.

खरं काम एकाच ओळीचं आहे, पेजसेटअपच्या पेजेसचा काउंट. सोय एक्सेल 2007 पासूनची आहे. 'धिसवर्कबुक' म्हणजे जिच्यात मॅक्रो लिहिलाय ती माझी हिशोबाची फाइल आणि 'अ‍ॅक्टिव्हवर्कबुक' म्हणजे समोर उघडी असलेली गिऱ्हाइकाची. हा फरक भाच्याला पहिल्यांदा कळला नाही. त्यानं हिशोबाची फाइल समोर ठेवूनच मॅक्रो चालवला आणि फोन केला, "मामी, सगळी मिळून एकच पान म्हणायलंय." गिऱ्हाइकाची फाइल समोर घ्यायची, ऑल्ट आणि एफ8 दाबायचं, पानमोजणी निवडून रन करायचं आणि मग हिशोबाच्या फाइलीत जाऊन आकडे बघायचे. बेरजेला नेहमीचा सम पुरतो.

व्हिजिबलची ओळ लपवलेली शीट वगळते. संस्थांच्या फाइलीत जुन्या वर्षाची शीट लपवून ठेवायची भारी सवय असते. त्याखालची ओळ कोरी शीट गाळते. तिच्यात शेप्स मी नंतर घातले, कारण एका फाइलीत संचालकांच्या फोटोंचं शीट होतं, एक अक्षर नाही, नुसते फोटो, आणि मॅक्रोनं ते कोरं समजून सोडलं होतं.

आता ज्यानं माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली ते सांगते. आकडा छोट्या खिडकीत दाखवावा म्हणून मी मॅक्रोत मेसेजबॉक्स घातला आणि कोटात लिहिलं 'एकूण पानं'. एडिटरमध्ये अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली. मला वाटलं कीबोर्ड बिघडला. कीबोर्ड बदलला, श्रीलिपी बंद केली, मशिन बंद करून चालू केलं, तरी प्रश्नचिन्हं. मॅक्रोचा एडिटर जुन्या पद्धतीचा आहे, त्याला युनिकोड, म्हणजे आपली मराठी अक्षरं, लिहिता येत नाही, आणि मेसेजबॉक्सलाही आपली अक्षरं दाखवता येत नाहीत. कन्नडचीही तीच गत, तेवढाच काय तो समान न्याय! पण शीटचं नाव मॅक्रोनं उचलून सेलमध्ये ठेवलं तर 'गणपत गल्ली' जशीच्या तशी येते, कन्नड नावंही येतात. म्हणून वरच्या कोडमध्ये कुठंही मेसेजबॉक्स नाही, सगळं सेलमध्येच. मराठी शब्द हवे असतील तर मथळ्यात लिहायचे, कोडमध्ये नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा मेलवरून आलेली फाइल वर पिवळी पट्टी घेऊन उघडते. एनेबल एडिटिंग दाबल्याशिवाय मॅक्रोला ती दिसतच नाही. आणि गिऱ्हाइकाची फाइल स्वतःच मॅक्रो चालू करायची परवानगी मागत असेल तर देऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असो. आपल्याला नुसती पानं मोजायचीत.

एखाद्याकडे अजून एक्सेल 2003 असेल तर पेजेस तिथं चालणार नाही. तिथं एचपेजब्रेक्सच्या काउंटमध्ये एक मिळवायचा, व्हीपेजब्रेक्सच्या काउंटमध्येही एक मिळवायचा आणि मग दोन्हींचा गुणाकार असं करतात, म्हणजे आडवे तुकडे गुणिले उभे तुकडे. त्यासाठी आधी पेज ब्रेक प्रिव्ह्यूमध्ये जायचं, नाहीतर पडद्याबाहेरचे तुकडे तो धडपणे मोजत नाही. त्याहूनही जुनी युक्ती एक्सेल 4 च्या काळातली, गेट डॉट डॉक्युमेंट आणि कंसात 50. ती समोरच्या एका शीटची पानं सांगते. नव्या एक्सेलमध्ये ते जुने मॅक्रो बंद ठेवलेले असू शकतात, म्हणून मी तिच्या नादाला लागत नाही.

मॅक्रो चालताना थोडा वेळ लागला तर घाबरू नका. प्रत्येक शीटसाठी एक्सेल प्रिंटरशी बोलून येतं, आणि प्रिंटर दुसऱ्या खोलीत नेटवर्कवर असेल तर ते बोलणं लांबतं. प्रिंटर बदलला की मात्र पुन्हा मोजायचं. घरच्या लॅपटॉपवर मोजून दुकानात छापलं तर आकडा जुळेलच असं नाही. गिऱ्हाइकाला मी आता फोनवर आकडा देत नाही. "दुकानात जाऊन मशिनवर बघून दहा मिनिटात फोन करते, दादा," एवढंच सांगते.

छापायच्या आधी अजून एक करते. हिशोबातल्या मोठ्या शीटांची शेवटची पानं प्रिव्ह्यूत बघते. शेवटच्या पानावर दोन-तीनच नावं उरली असतील तर त्या शीटचा वरचा-खालचा समास पाव-पाव इंच कमी करते आणि पानमोजणी पुन्हा चालवते. बारा शीटांत अशी चार पानं वाचली तर तीस प्रतींना 120 पानं होतात.