गाडीच्या दाराचा झटका कसा थांबवला

नागपूरची थंडी कोरडी. ती सुरू झाली की गाडीतून उतरून दार लोटताना बोटाला सण्णकन झटका बसायचा. 'बॅटरीचं अर्थिंग बघा,' असा सल्ला मिळाला. पण 12 व्होल्टच्या बॅटरीचा असा झटका बसत नाही. ही करामत स्थिर विजेची.

सीटच्या कापडावरून कपडे घासत सुटले की एकावर धन, दुसऱ्यावर ऋण प्रभार उरतो. बुटांचे रबरी तळवे तो जमिनीत उतरू देत नाहीत. शरीर वाहक, गाडीचा सांगाडाही वाहक. दोघांच्या विभवात, म्हणजे विजेच्या पातळीत, काही हजार व्होल्टचा फरक पडतो आणि बोट जवळ नेताच ठिणगी उडते. प्रभार निम्मा-निम्मा वाटला जातो असं मात्र नाही. नळीने जोडलेल्या टाक्यांत पाण्याची पातळी सारखी होते, तसं विभव सारखं होईपर्यंतच तो वाहतो. ज्याची धारकता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, जास्त, त्याच्या वाट्याला प्रभार जास्त.

उपाय फुकटातला निघाला. सीटवरून उठण्याआधीच दाराच्या चौकटीवरचा, कुलूप अडकतं तो उघडा धातूचा आकडा धरायचा आणि पाय जमिनीवर टेकेपर्यंत सोडायचा नाही. प्रभार तयार होता होताच वाहून जातो, साठत नाही. विसरलात तर किल्लीचं पातं मुठीत घट्ट धरून तिचं टोक धातूला लावा. ठिणगी उडेल, पण टोकावर. हाताला फारसं जाणवत नाही. गाडीमागे लोंबणारी, वीज वाहू देणारी खास रबरी पट्टी मी घेतली नाही. ती गाडीचा प्रभार उतरवेल, रबरी बुटातल्या माणसाचं काय? पावसाळ्यात तर यातलं काहीच लागत नाही.