रोजच्या जगण्यात विश्वास, कृतज्ञता आणि जीवनहेतू : ख्रिस्ती शिकवणीच्या आधारे सुरुवात कशी करावी

ख्रिस्ती शिकवणीची ओळख असलेल्या पुष्कळ माणसांना विश्वास, कृतज्ञता आणि जीवनाचा हेतू हे शब्द नवे नसतात. उपासनेत ते वारंवार कानांवर पडलेले असतात, काही वचने तर तोंडपाठही असतात. अडचण अशी की रविवारी ऐकलेले सोमवारच्या धावपळीत, कामावरच्या कुरबुरीत किंवा आजारी माणसाच्या उशाशी बसलेले असताना हाताशी येत नाही. ते हाताशी यावे यासाठी काय करता येईल, याविषयी हे मार्गदर्शन आहे. त्यामागची माझी धारणा एकच आहे : या तिन्ही गोष्टी मनात आपोआप उमलतील अशी वाट पाहत बसू नये, तर रोजच्या लहान आणि ठरावीक कृतींतून त्यांच्याकडे जावे, आणि भावना मागाहून आली तरी हरकत नाही असे समजून जावे.

विश्वासापासून सुरुवात करताना आधी एक भीती दूर करणे आवश्यक आहे. मनात शंका आहेत म्हणून प्रार्थना करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे अनेकांना वाटते. येशूच्या जीवनाचा वृत्तांत सांगणाऱ्या मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाला घेऊन आलेला एक बाप येशूला म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ येशू त्याला आधी शंका मिटवून ये असे सांगत नाही; त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासाच्या विनंतीवरच तो मुलाला बरे करतो. म्हणून आपली पहिली प्रार्थना हीच असू द्यावी. ती एका वाक्याची आहे, ती खरी आहे आणि ती म्हणण्यासाठी मनाची कोणतीही विशेष तयारी लागत नाही.

दुसरी पायरी वाचनाची. येथे उत्साहाच्या भरात होणारी एक गोष्ट टाळावी : पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून सलग वाचून काढण्याचा संकल्प करू नये. असे संकल्प बहुधा सुरुवातीच्या पुस्तकांतील नियमशास्त्राच्या तपशिलांत अडकून पडतात आणि वाचणाऱ्याला उगाचच अपराधी वाटू लागते. मार्ककृत शुभवर्तमान चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान असून त्यात 16 अध्याय आहेत. दररोज अर्धा अध्याय वाचला तरी ते साधारण एका महिन्यात पूर्ण होते. बाराव्या शतकातील कार्थुसियन या संन्यासी संघाचे मठाधिपती गिगो दुसरे यांनी अशा वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : वाचन, मनन, प्रार्थना आणि देवाच्या सान्निध्यात शांत राहणे. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की उतारा सावकाश वाचावा, जे वाक्य मनाला थांबवील तेथे थांबून ते पुन्हा वाचावे, त्या वाक्यावरून देवाशी आपल्या शब्दांत बोलावे आणि मग काही क्षण काहीही न बोलता बसावे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिच बोनहोफर 1935 ते 1937 या काळात फिंकेनवाल्डे येथील ज्या पाळक-प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख होते, तेथे विद्यार्थ्यांना एकाच लहान उताऱ्यावर आठवडाभर रोज अर्धा तास मनन करावे लागत असे. अर्धा तास आपल्याला जमणार नाही. दहा मिनिटे जमतील. पण एका उताऱ्याजवळ अनेक दिवस राहण्याची ती शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण पहिल्या दिवशी आपण वचनाकडे पाहतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ते वचन आपल्या रागाला, लोभाला आणि भीतीला हात घालू लागते.

वेळ आणि जागा यांविषयी फार विचार करू नये. जी वेळ रोज खरोखर मिळते ती घ्यावी आणि तीच धरून ठेवावी.

स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा पवित्र शास्त्रातील प्रार्थनागीतांचा संग्रह, म्हणजे स्तोत्रसंहिता, उघडावी. तिच्यातील 150 स्तोत्रांत स्तुती आहे तसा आक्रोशही भरपूर आहे. तेरावे स्तोत्र ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ या प्रश्नाने सुरू होते आणि शेवटी विश्वासाकडे वळते. अठ्ठ्याऐंशीवे मात्र अंधारातच संपते. असे स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे, याचा अर्थ देवासमोर तक्रार मांडणे हा विश्वासाचा भंग ठरत नाही. मदर तेरेसा यांच्या मृत्यूनंतर, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून जगाला कळले की अनेक दशके त्यांना अंतःकरणात देवाच्या सान्निध्याचा अनुभव जवळजवळ येत नव्हता. तरीही त्या प्रार्थना करत राहिल्या आणि मरणासन्न माणसांची सेवा करत राहिल्या. विश्वासाचे मोजमाप भावनेच्या तीव्रतेवरून करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते.

आता कृतज्ञतेविषयी. या विषयावर थोडे अधिक थांबणे योग्य ठरेल, कारण येथे गैरसमज अधिक आहेत.

लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि त्यांपैकी एकच, तोही परका मानला गेलेला शोमरोनी, मागे फिरून येशूचे आभार मानतो. उरलेले नऊ जण वाईट होते असे तेथे म्हटलेले नाही. ते सांगितल्याप्रमाणे याजकाकडे निघाले होते आणि बहुधा आपापल्या आयुष्यात परत जाण्याच्या आनंदात होते. त्यांनी देणगी घेतली, पण देणाऱ्याकडे ते वळले नाहीत. ख्रिस्ती कृतज्ञता या वळण्यातच आहे. दिवस चांगला गेला असे वाटणे हे समाधान झाले. तो कोणी दिला हे ओळखून त्याच्याशी बोलणे ही कृतज्ञता. म्हणूनच मिळालेल्या चांगल्या गोष्टींची केवळ यादी करण्यापेक्षा त्यांतील एक गोष्ट घेऊन तिच्याबद्दल देवाशी दोन वाक्ये बोलणे अधिक फलदायी असते.

यासाठी एक जुनी आणि कसाला उतरलेली पद्धत आहे. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या मार्गदर्शनाला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात दिवसाच्या परीक्षणाची पाच टप्प्यांची रीत दिलेली आहे. प्रथम मिळालेल्या कृपादानांबद्दल देवाचे आभार मानावेत. मग स्वतःला प्रामाणिकपणे पाहता यावे यासाठी त्याच्याकडे प्रकाश मागावा. त्यानंतर दिवस क्रमाने डोळ्यांसमोर आणावा. जेथे चुकले तेथे क्षमा मागावी. आणि शेवटी उद्यासाठी सुधारणेचा निश्चय करावा. या क्रमात आभार पहिले आहेत, हे मला अत्यंत शहाणपणाचे वाटते. जो माणूस आधी आपल्या चुका मोजायला बसतो तो लवकरच निराश होतो किंवा स्वतःचे समर्थन करू लागतो. ज्याने आधी आपल्याला काय काय मिळाले ते पाहिले आहे, त्याला आपल्या चुकांकडे न घाबरता पाहता येते. रात्री झोपण्यापूर्वी हे परीक्षण दहा-पंधरा मिनिटांत होते. दिवस आठवताना तपशिलात जावे : कोणी आपले बोलणे पूर्ण ऐकून घेतले, कोणते संकट टळले, कोणाच्या श्रमामुळे आपले काम सोपे झाले. ‘सगळ्याबद्दल आभार’ असे मोघम म्हटले की मन काहीच पाहत नाही. परीक्षणात ज्या माणसाचे नाव पुढे येईल त्याला दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष सांगावे. देवाचे आभार मानून माणसांना विसरणे अपुरे आहे.

एका धोक्याची जाणीव येथे करून द्यावीशी वाटते. लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस, मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानतो, पण ते आपण इतरांसारखे नाही म्हणून. आपल्यापेक्षा वाईट अवस्थेत असलेल्या माणसाकडे बोट दाखवून ‘आपण किती सुदैवी’ असे म्हणण्याची सवय त्याच वाटेने जाते. दुसऱ्याचे दुःख आपल्या समाधानाचे साधन होता कामा नये. ते पाहून जर काही करायचेच असेल तर त्याच्याजवळ जावे.

मग दुःख आपल्याच वाट्याला येते तेव्हा काय करावे? आरंभीच्या मंडळ्यांना पत्रे लिहिणारा प्रेषित पौल याने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असे म्हटले आहे. हे वाक्य शोकात असलेल्या माणसावर फेकले जाते तेव्हा ते क्रूर होते. पौलाने मृत्यूला, अन्यायाला किंवा छळाला चांगले म्हणायला सांगितलेले नाही. मित्राच्या कबरेजवळ खुद्द येशू रडला. फिलिप्पैकरांस पत्र पौलाने बंदिवासात असताना लिहिले, आणि त्यात तो आपल्या बेड्यांबद्दल आभार मानत नाही, तर त्या बेड्यांत असताना ज्यांनी आपली आठवण ठेवली आणि मदत पाठवली त्यांच्याबद्दल मानतो. हाच धडा आपल्यासाठी पुरेसा आहे. कठीण काळात रडून घ्यावे, तक्रार करावी, आणि दिवसाच्या अखेरीस या अंधारातही ज्याने आपल्याला धरून ठेवले अशी एक गोष्ट शोधावी. एखाद्या दिवशी तीही सापडली नाही तर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचून झोपावे. खिन्नता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर डॉक्टरांकडे जावे. पौलाचा सहकारी लूक वैद्यच होता, आणि उपचार घेणे हे विश्वास कमी असल्याचे लक्षण मुळीच नाही.

जीवनहेतूचा प्रश्न बहुतेक वेळा फार मोठा करून विचारला जातो, आणि म्हणून त्याचे उत्तर मिळत नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक आले आणि ‘आम्ही काय करावे?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा त्याने दिलेली उत्तरे लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहेत. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक ज्याला नाही त्याला द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा अधिक वसूल करू नये. शिपायांनी जुलूम करून पैसे उकळू नयेत आणि आपल्या पगारात तृप्त असावे. त्याने कोणालाही काम सोडायला सांगितले नाही; ज्या जागी माणूस उभा आहे तेथेच त्याला सचोटी आणि दया दाखवून दिली. आपल्या कामात कोणाची फसवणूक होते आहे, कोणाचे श्रम नाकारले जात आहेत, कोणाला आपल्याकडून उत्तर मिळत नाही, हे तपासणे हीच हेतूच्या शोधाची पहिली पायरी होय.

त्याच कामाकडे पाहण्याची दृष्टी कलस्सैकरांस पत्रात आहे : ‘जे काही तुम्ही करता ते माणसांसाठी म्हणून करू नका तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा.’ सतराव्या शतकात पॅरिसमधील कार्मेलाइट या संन्यासी संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू अनेक वर्षे स्वयंपाकघरात काम करत होते. त्या कामाची त्यांना मुळात नावड होती. परंतु प्रत्येक लहान काम देवावरील प्रेमाखातर करत गेल्याने भांड्यांच्या गजबजाटातही प्रार्थनेतल्याइतकीच शांती लाभते, असा त्यांचा अनुभव होता. आपणही दिवसातले एक नावडते काम निवडावे, ते सुरू करण्यापूर्वी ‘प्रभो, हे तुझ्यासाठी’ एवढेच म्हणावे आणि ते नीट करावे. मात्र हे वचन कोणी अन्याय मुकाट सोसण्यासाठी वापरू नये. मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, असे याकोबाचे पत्र स्पष्टपणे म्हणते.

कामाइतकीच नाती महत्त्वाची आहेत. वेदीवर अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे येशू मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात सांगतो. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे अशा एका माणसासाठी आठवडाभर नाव घेऊन प्रार्थना करावी, आणि त्यानंतर, सुरक्षित असेल तर, त्याच्याशी बोलण्याचा प्रयत्न करावा. माझ्या मते जीवनहेतूवरील कितीही चिंतनापेक्षा ही एक कृती माणसाला अधिक बदलते.

मोठे निर्णय समोर असतील, म्हणजे काम बदलणे, सेवेसाठी वाहून घेणे किंवा विवाह, तर प्रार्थना, वचन आणि आपल्याला ओळखणाऱ्या परिपक्व माणसांचा सल्ला या तिन्हींचा आधार घ्यावा. इग्नेशियस यांचा एक नियम येथे विशेष उपयोगी पडतो : मन उजाड असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. थकवा आणि निराशा यांच्या भरात प्रत्येक वाट बंद दिसते.

हे सर्व एकट्याने करू नये. मंडळीतील एक-दोन विश्वासू माणसांना आपण काय करत आहोत ते सांगावे आणि आठवड्यातून एकदा त्यांच्याबरोबर प्रार्थना करावी. प्रभुभोजनात किंवा मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) सहभागी होताना आठवड्याच्या परीक्षणातील एक आभार आणि एक कबुली बरोबर न्यावी. आठवड्यातील एक दिवस विश्रांतीसाठी राखावा. शब्बाथ मनुष्यासाठी आहे, असे येशूनेच सांगितले आहे.

काही दिवस खंड पडेल. तेव्हा राहिलेले अध्याय भरून काढण्याचा प्रयत्न न करता त्या दिवसाचा उतारा उघडावा आणि पुढे जावे. मार्ककृत शुभवर्तमान पूर्ण झाल्यावर चारच अध्यायांचे फिलिप्पैकरांस पत्र घ्यावे, एका आठवड्यात एक अध्याय या गतीने. त्यानंतर लूककृत शुभवर्तमान, आणि त्याच्या जोडीला दररोज एक स्तोत्र.