बाटली बुडते, झाकण तरंगतं: घरातलं प्लास्टिक पाण्यात ओळखायचं कसं?

पाण्याची रिकामी बाटली घ्या. तिच्या अंगाचा एक आणि झाकणाचा एक असे दोन छोटे तुकडे कापून भांडंभर पाण्यात टाका. बाटलीचा तुकडा तळाला जाईल, झाकणाचा वर राहील. दुकानातून एकत्र आलेल्या, कचऱ्यात एकत्र जाणाऱ्या या दोन वस्तूंना आपण एकाच नावाने हाक मारतो, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्या वेगवेगळ्या पदार्थांच्या आहेत. प्लास्टिक वितळवून पुन्हा दाणा करणाऱ्यांना नुसतं ‘प्लास्टिक’ म्हणून भागत नाही. त्यांना पेट, एचडी आणि एलडी (पॉलिथीनचे दोन प्रकार), पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीव्हीसी हे वेगवेगळे लागतात, कारण एकत्र वितळवले तर ते नीट मिसळत नाहीत आणि तयार माल ठिसूळ होतो.

हा फरक स्वयंपाकघरातल्या साहित्याने तपासता येतो. आठवी-नववीच्या मुलांना दुपारभरात जमेल असा प्रयोग आहे. मोठं माणूस मात्र सोबत हवं.

काय गोळा करायचं

सहा वस्तू शोधा. पाण्याची किंवा थंड पेयाची बाटली (पेट), दुधाची पिशवी (एलडी), शाम्पूची दुधी रंगाची अपारदर्शक बाटली किंवा तेलाचा कॅन (बहुधा एचडी), हॉटेलातून पार्सल येतं तो पारदर्शक डबा (बहुधा पीपी), जुन्या सीडीचं कडक पारदर्शक कव्हर (पॉलिस्टायरीन) आणि इलेक्ट्रिशियनने टाकून दिलेला वायरिंगच्या पाइपचा तुकडा (पीव्हीसी).

वस्तूच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात आकडा दिसतो का ते पाहा. ही पद्धत अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने 1988 मध्ये सुरू केली. 1 म्हणजे पेट, 2 एचडी, 3 पीव्हीसी, 4 एलडी, 5 पीपी, 6 पॉलिस्टायरीन आणि 7 म्हणजे बाकी सगळं. त्रिकोण दिसला की वस्तूचा पुनर्वापर होणारच, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. आकडा फक्त पदार्थ कुठला ते सांगतो. पहिल्यांदा प्रयोग करताना आकडा असलेल्याच वस्तू घ्या, म्हणजे उत्तर पडताळून पाहता येईल.

याशिवाय काचेचे तीन पेले, मीठ, भांडी घासायचं लिक्विड, चिमटा आणि पाण्यासारखं पातळ, 70 टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर लागेल. जेल चालणार नाही. सॅनिटायझरला लगेच आग लागते, म्हणून गॅस बंद, देवापाशी दिवा किंवा उदबत्ती लावलेली असेल तर प्रयोग दुसऱ्या खोलीत, आणि खिडकी उघडी.

तुकडे कापणं

नखाएवढे तुकडे पुरतात. प्रत्येक पदार्थाला वेगळा आकार द्या: पेटचा चौकोन, पीपीचा त्रिकोण, एलडीची लांब पट्टी, एचडीचा गोल. पेल्यात उतरले की सगळे पांढरट तुकडे सारखेच दिसतात आणि कोणता कुठला हे कळेनासं होतं. सीडीचं कव्हर कात्रीने कापू नका, ते कटकन फुटून डोळ्यात उडू शकतं. फडक्यात गुंडाळून मोठ्यांकडून मोडून घ्या. पाइपचा तुकडाही त्यांनाच करवतीने कापू द्या.

दुधाच्या पिशवीबद्दल एक विनंती. रोज पिशवी फोडताना कोपरा कापून वेगळा करू नका, चीर देऊन तो पिशवीलाच लटकता ठेवा. पिशवी भंगारात विकली जाते, पण तो इवलासा कोपरा कोणीही वेचत नाही. तो सरळ गटारात जातो.

पहिला पेला: साधं पाणी

पाण्यात लिक्विडचा एक थेंब टाका, फेस न होऊ देता ढवळा, मग तुकडे एकेक करून चिमट्याने पाण्याखाली नेऊन सोडा. लिक्विडचा थेंब विसरू नका. प्लास्टिक पाण्याने सहज भिजत नाही, त्यामुळे पातळ तुकडा जड असूनही पृष्ठताणामुळे वर पडून राहतो आणि उत्तर चुकतं.

पीपी, एलडी आणि एचडी तरंगतील. पॉलिस्टायरीन, पेट आणि पीव्हीसी बुडतील. पाण्याची घनता घन सेंटिमीटरला 1 ग्रॅम. पीपीची साधारण 0.90, एलडीची 0.92, एचडीची 0.95, पॉलिस्टायरीनची 1.05, पेटची 1.38 आणि कडक पीव्हीसीची 1.4 च्या आसपास.

तरंगणारे तिन्ही पदार्थ फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे आहेत. पेटच्या लांब साखळीसारख्या रेणूत ऑक्सिजन आणि बेंझिनची कडी असते. पीव्हीसीत तर वजनाने सुमारे 57 टक्के क्लोरीन असतो, आणि क्लोरीनचा अणू कार्बनच्या जवळजवळ तिप्पट जड. हा क्लोरीन कारखान्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून काढतात. म्हणजे तुमच्या भिंतीतल्या त्या पाइपचं निम्म्याहून जास्त वजन मिठातून आलेलं आहे.

दुसरा पेला: मीठ

बुडालेले तीन तुकडे दुसऱ्या पेल्यात घ्या. 200 मिलिलीटर पाणी ओता आणि चहाच्या चमच्याने एकेक चमचा मीठ विरघळवत जा. तीन-चार चमच्यांच्या सुमाराला पॉलिस्टायरीन हळूच तळ सोडतं. पुढे मीठ विरघळेनासं होईपर्यंत टाकत राहिलात तरी पाण्याची घनता 1.2 च्या पुढे जात नाही. पेट आणि पीव्हीसी खालीच राहतात.

तिसरा पेला: सॅनिटायझर

मला या प्रयोगातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. पाण्यावर तरंगणारे तिघे एकमेकांपासून वेगळे करायचे आहेत आणि त्यांच्या घनतेत फरक आहे शंभराव्या हिश्शांचा.

पेल्यात 50 मिलिलीटर सॅनिटायझर घ्या आणि त्रिकोण, पट्टी, गोल तिन्ही तुकडे त्यात सोडा. मघाशी पाण्यावर तरंगलेले तिघेही आता तळाला जातील, कारण हे द्रव त्यांच्याहून हलकं आहे. आता चमच्याने थोडं थोडं पाणी घाला. प्रत्येक चमच्यानंतर ढवळा आणि मिनिटभर थांबा. पहिल्या दोन-तीन चमच्यांत पीपीचा त्रिकोण वर येतो. आणखी चमचा-दोन चमचे झाले की दुधाच्या पिशवीची पट्टी उठते. एचडीचा गोल बराच वेळ हटून बसतो, त्याला एकूण आठ-दहा चमचे तरी लागतात. सॅनिटायझर कमी-जास्त तीव्र असेल तर चमचे बदलतील, पण क्रम बदलणार नाही.

इथे घाई केली की फसगत होते. अल्कोहोल आणि पाणी मिसळलं की द्रव किंचित कोमट होतं आणि विरघळलेली हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपात सुटते. हे बुडबुडे तुकड्यांना चिकटून त्यांना वर ओढतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा एचडी सगळ्यांत आधी वर आलं आणि मी तसंच लिहूनही ठेवलं. तुकड्याला चिमट्याने टिचकी देऊन बुडबुडे झटकल्यावर तो पुन्हा खाली गेला. तेव्हा तुकडा वर आला की आधी टिचकी, मग नोंद.

एलडी आणि एचडी दोन्ही पॉलिथीनच, एकाच एथिलीन वायूपासून बनलेले. मग घनता वेगळी का? बनवण्याची रीत वेगळी म्हणून. 1933 मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन यांना हजारांहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली एक मेणचट पांढरा पदार्थ मिळाला. एवढ्या दाबाखाली साखळ्यांना ठिकठिकाणी फांद्या फुटतात. काटेरी फांद्यांची मोळी सैल बसते, तशा या साखळ्या एकमेकींना खेटून बसत नाहीत. तो एलडी. (दुधाच्या पिशवीत आता त्याच्या जोडीला आखूड फांद्यांचं नवं पॉलिथीनही मिसळतात.) 1953 मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांचा उत्प्रेरक वापरून साध्या दाबाखाली जवळपास सरळ साखळ्या बनवल्या. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बसते. तो एचडी. पुढच्याच वर्षी इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी तशाच उत्प्रेरकाने सुबक रचनेचं पॉलिप्रॉपिलीन घडवलं आणि 1963 चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना विभागून मिळालं.

याच तऱ्हेचं काम आपल्याकडे रायगड जिल्ह्यात नागोठण्याला चालतं. बॉम्बे हायचा वायू समुद्राखालच्या नळाने उरणला येतो, तिथे त्यातले इथेन आणि प्रोपेन वेगळे होतात, आणि नागोठण्याच्या कारखान्यात त्यांपासून पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे दाणे बनतात.

उरलेले दोघे: पेट की पीव्हीसी?

त्यांची घनता इतकी जवळ आहे की पाणी इथे हात टेकतं. पाइप आणि बाटली नुसत्या पाहूनही वेगळ्या ओळखता येतात, पण पारदर्शक बाटली किंवा डबी हातात आली तर तिचं बूड पाहा. मधोमध गोल ठिपका असेल तर बहुधा पेट, आडवी सरळ शिवण असेल तर पीव्हीसीचा संशय घ्या. मग एक पट्टी कापून घडी घाला: पीव्हीसी घडीवर पांढरं पडण्याचा संभव जास्त. जाळून पाहण्याची पद्धत तुम्हाला कुठेतरी वाचायला मिळेल. घरी ती मुळीच करू नका. जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो ओलाव्याला लागला की हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, आणि तो श्वासातून आत जातो.

कारखान्यांनाही हीच जोडी छळते. तिथे बाटल्यांचा चुरा करून तो पाण्याच्या टाकीत सोडतात. झाकणांचा चुरा वर येतो, बाटलीचा खाली बसतो, म्हणजे तुमचा पहिला पेलाच मोठा करून वापरतात. पण पीव्हीसीचं आवरण चुकून आत गेलं तर तेही पेटबरोबर खाली बसतं. पेट वितळवायला 250 अंश सेल्सिअसच्या वर तापवावं लागतं. पीव्हीसीचं त्याच्या आधीच विघटन होऊ लागतं, त्यातून निघणारं आम्ल पेटच्या साखळ्या तोडतं, माल पिवळा पडतो आणि काळे ठिपके येतात. स्वच्छ पेटचा मात्र चांगला धागा निघतो, कारण पेट म्हणजे पॉलिएस्टरच. 1941 मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी ते शोधलं तेव्हा कापडासाठीच शोधलं होतं. आपल्या टेरीकॉटमधलं ‘टेरी’ त्यांच्या टेरिलीन नावाच्या धाग्यावरून आलेलं.

उत्तर जुळलं नाही तर

आकडा 5 असूनही वस्तू बुडाली, तर तिच्यात खडूची पूड मिसळलेली असण्याची शक्यता मोठी. खडूची घनता 2.7, आणि तो प्लास्टिकपेक्षा स्वस्त. थर्माकोल या कसोटीला बसत नाही. ते पॉलिस्टायरीनच, पण पोटात हवा भरलेलं, त्यामुळे कशावरही तरंगतं. वेफर्सच्या पाकिटात दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात, तेव्हा त्याचं उत्तर कुठल्याच एका पदार्थाचं नसतं.

काम झालं की तिन्ही पेले जुन्या सुती फडक्यातून गाळा, तुकडा एकही मोरीत जाता कामा नये. अल्कोहोलचं द्रव आगीपासून लांब, भरपूर पाण्यासोबत सोडून द्या. गाळलेले सहा तुकडे पुसून एका छोट्या डबीत नावं लिहून ठेवा. नवी अनोळखी वस्तू तपासताना तिच्या तुकड्यासोबत यांतला ओळखीचा तुकडाही पेल्यात सोडा. दोघे एकाच चमच्याला वर आले, तर पदार्थ बहुधा तोच.