पिशवीवर काय लिहिलंय?

विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात केमिस्ट म्हणून रुजू झाले, तेव्हा बॉयलर आतून बघायची मला फार घाई होती. पहिल्याच ओव्हरहॉलमध्ये, म्हणजे युनिट बंद ठेवून होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीत, संधी मिळाली. सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांवरून राखेचा मूठभर थर खरवडला, प्लास्टिकच्या पिशवीत भरला, बॉलपेनने ‘सुपरहीटर’ लिहिलं आणि ऐटीत बाहेर आले. साहेबांनी पिशवी हातात घेतली. डावीकडचा की उजवीकडचा? नळीच्या कोणत्या अंगाचा? नळीला चिकटलेला की वरचा? मला एकाचंही उत्तर देता येईना. घामाने तोवर ‘सुपर’ पुसून नुसतं ‘हीटर’ उरलं होतं. नमुना कचऱ्यात गेला.

या कामात नव्याने येणाऱ्यांना वाटतं, खरं काम प्रयोगशाळेत. जरा हिशेब बघा. 210 मेगावॉटचं युनिट पूर्ण लोडवर तासाला 140 टनांच्या आसपास कोळसा खातं. आपल्या कोळशात राख 40 टक्क्यांच्या घरात, म्हणजे तासाला पन्नास टनांहून जास्त राख. त्यातली ग्रॅमभर क्रुसिबलमध्ये (छोट्या मुशीत) जाळून आपण सांगतो, न जळलेला कार्बन इतका. तो ग्रॅम चुकीच्या जागचा असेल तर प्रयोगशाळेतली भट्टी कितीही अचूक असून काय उपयोग?

राखेचा साधारण पाचवा हिस्सा बॉटम ॲश म्हणून खाली पडतो. ती ओलीच हाती येते. डीॲशिंग (ही राख बाहेर काढणं) सुरू असताना थोड्या थोड्या वेळाने, खड्यांसकट उचला; बारीक तेवढीच घ्यायचा मोह होतो, तो टाळा. वाळवून सगळी दळा आणि मगच ढीग करून चार भाग पाडत कमी करा.

फ्लाय ॲश, म्हणजे धुराबरोबर उडून जाणारी राख, जास्त फसवी. धुरातली राख विजेने पकडणाऱ्या ईएसपीच्या पहिल्या फील्डमध्ये (टप्प्यात) सर्वाधिक आणि जाड राख पडते, शेवटच्या फील्डमध्ये पावडरसारखी. त्यामुळे ‘ईएसपी हॉपर’ (हॉपर म्हणजे खाली राख साठायचा कप्पा) एवढंच लिहिणं म्हणजे पत्त्यात फक्त ‘नागपूर’ लिहिण्यासारखं. शिवाय हॉपरमध्ये आधीच्या काही तासांची राखही असू शकते. बर्नरमध्ये आज केलेला बदल बघायचा असेल तर डक्टमध्ये (धुराच्या मार्गात) प्रोब, म्हणजे नमुना ओढणारी नळी, घालूनच नमुना घ्या, डावी-उजवी बाजू वेगळी आणि रुंदीभर अनेक जागी. प्रोबमधली ओढ धुराच्या वेगाएवढीच हवी. ओढ कमी पडली की जाड कण आपल्या वजनाच्या जोरावर आत घुसतात आणि नमुन्यात त्यांचंच प्रमाण वाढतं.

आता माझा आवडता भाग, नळ्यांवरचे थर. ते घ्यायची वेळ एकच: बॉयलर थंड झाल्यावर, पण पाण्याने धुण्याआधी. धुतलं की नळीलगतचे सल्फेट विरघळून जातात, आणि थर का धरला याचा सुगावा बऱ्याचदा तिथेच असतो. म्हणून धुण्याची वेळ आधीच विचारून ठेवा. मेन्टेनन्सवाले केमिस्टसाठी थांबत नसतात, आणि त्यांचंही बरोबरच आहे. युनिट बंद करताना ऑइल सपोर्ट घेतलेला, म्हणजे जोडीला तेल जाळलेलं, असतं, त्यामुळे सगळ्यात वरची काजळी ही थराची नव्हे, तेलाची असू शकते.

थर अखंड ढेकूळ म्हणून सोडवा. धुराच्या प्रवाहाची दिशा त्यावर बाणाने दाखवा. आतली भुकटी, मधला घट्ट थर आणि बाहेरचा काचेसारखा वितळलेला भाग, तिघांच्या तीन पिशव्या. एकत्र कुटले तर सरासरी मिळते, आणि तशी सरासरी नळीवर कुठेच बसलेली नसते. छिन्नीने नळी ओरबाडू नका.

जागेला इतकं महत्त्व का, तर कोळसा तोच असला तरी कोपऱ्या-कोपऱ्यात हवा वेगळी असते. जिथे ऑक्सिजन कमी पडतो तिथे राखेतलं लोह फेरस रूपात (कमी ऑक्सिजन घेतलेल्या रूपात) राहतं आणि राख कमी तापमानाला मऊ होते. म्हणूनच राख वितळण्याची चाचणी कोणत्या वातावरणात केली हे अहवालात बघा. आयात कोळसा मिसळला असेल तर बंकरमध्ये (बॉयलरला कोळसा पुरवणाऱ्या साठ्यात) शेवटच्या काही दिवसांत काय होतं, लोड किती होता, नळ्यांवरची राख झाडणारे सूटब्लोअर कोणते बंद होते, हेही वहीत हवं.

परमिट, 24 व्होल्टचा दिवा आणि बाहेर नावं लिहिणारा माणूस नसेल तर मॅनहोलमध्ये डोकंसुद्धा घालू नका. वर लटकलेला क्लिंकर (वितळून घट्ट झालेला राखेचा गोळा) पाडल्याशिवाय त्याखाली जायचं नाही. तो पडतो तेव्हा आवाज आधी येत नाही.

दुसऱ्या ओव्हरहॉलला मी पत्र्याचे छोटे बिल्ले नेले, खिळ्याने आकडे कोरलेले. ही युक्ती आमच्या एका जुन्या फिटर काकांची. मला आत शिरताना बघून ते म्हणाले होते, “मॅडम, पेन खिशातच ठेवा. इथे शाई टिकत नाही.” प्रत्येक पिशवीत एक बिल्ला, तोच आकडा वहीत: उंची, भिंत, डावीकडून कितवी नळी. साहेबांनी पिशवी घेतली, आत हात घालून बिल्ला काढला आणि वही मागितली.