कंटेनर चालू आहे, पण पान उघडत नाही: कुठे अडलंय ते असं शोधा

टीममधल्या नव्या मुलांचा 'कंटेनर चालू आहे, पण पान उघडत नाही' असा मेसेज आला की माझं उत्तर ठरलेलं असतं: डॉकर डेस्कटॉप रीस्टार्ट करू नकोस. (कंटेनर म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधून वेगळं चालवलेलं खोकं. ते चालवतो डॉकर.) रीस्टार्टने कधीकधी चालूही होतं, आणि वाईट तेच आहे. काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि सोमवारी पुन्हा तोच मेसेज येतो.

आधी ब्राउझर काय म्हणतोय ते वाचा, नुसतं 'एरर येतोय' म्हणू नका. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर तुमच्या मशीनवर त्या पोर्टला (पत्त्यात कोलननंतर येणारा आकडा) कुणी ऐकतच नाहीये. 'एम्प्टी रिस्पॉन्स' किंवा 'कनेक्शन रीसेट' आलं तर बहुतेक वेळा विनंती डॉकरपर्यंत पोचलीय, पण आतल्या ॲपने ती घेतली नाही. दोन्हींचे उपाय वेगळे.

रिफ्यूज्ड असेल तर टर्मिनलमध्ये 'डॉकर पीएस' चालवा आणि पोर्ट्सचा रकाना बघा. तिथे ०.०.०.०:८०८० आणि पुढे बाण करून ८०/टीसीपी असं दिसायला हवं. नुसतं ८०/टीसीपी दिसत असेल तर पोर्ट बाहेर काढलेलाच नाही. डॉकरफाइलमध्ये (इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, कसा बनवायचा ते सांगणारी फाइल) 'एक्स्पोज' लिहिलंय म्हणून निश्चिंत राहू नका. ती फक्त नोंद असते. कंटेनर काढून 'डॉकर रन'ला लहान 'पी'चा पर्याय देऊन नव्याने चालवा, ८०८०:८० असा. डावीकडचा आकडा तुमच्या मशीनचा, उजवीकडचा कंटेनरच्या आतला. आणि हा पर्याय इमेजच्या नावाआधी लिहा. नावानंतर लिहिलात तर डॉकर तो आतल्या प्रोग्रामच्या हाती देतो आणि पोर्ट बंदच राहतो.

रिस्पॉन्स रिकामा येत असेल तर संशय थेट ॲपवर. 'डॉकर लॉग्ज'मध्ये सुरुवातीच्या ओळी वाचा. फ्लास्क (पायथनमध्ये वेब-ॲप लिहायची चौकट) तिथे १२७.०.०.१:५००० वर चालू असल्याचं सांगत असेल तर चोर सापडला. कंटेनरचं १२७.०.०.१ हे त्याचं स्वतःचं असतं, तुमच्या डेस्कटॉपचं नव्हे. तिथे बसलेलं ॲप बाहेरून आलेलं काही ऐकत नाही. होस्ट ०.०.०.० द्या, म्हणजे बाहेरून आलेलंही ऐकेल. व्हीट (Vite) या फ्रंटएंडच्या साधनाचा डेव्ह सर्व्हरही असाच वागतो. त्याला 'होस्ट' पर्याय द्यावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत जास्त याच जातीच्या असतात.

हाच घोळ उलट दिशेनेही होतो. कंटेनरमधल्या ॲपला तुमच्या मशीनवरच्या डेटाबेसशी बोलायचं असेल तर लोकलहोस्ट (म्हणजे तेच १२७.०.०.१) चालणार नाही. डॉकर डेस्कटॉपवर 'होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल' हे नाव वापरा. डेटाबेसही कंपोजमध्येच (अनेक कंटेनर एकत्र चालवायची डॉकरची सोय) असेल तर सर्व्हिसचं नाव आणि आतला पोर्ट वापरा. ५४३३:५४३२ असं लिहिलं असेल तर शेजारच्या कंटेनरसाठी ५४३२च. ५४३३ फक्त बाहेरच्यांसाठी.

पोर्ट आधीच कुणी धरला असेल तर डॉकर तसं सांगतो. मॅकवर मॉन्टेरे आवृत्तीपासून एअरप्ले रिसीव्हर ५००० वर बसतो, त्यामुळे फ्लास्कवाल्यांची हमखास अडचण. सेटिंगमध्ये तो बंद करा, नाहीतर सरळ डावा आकडा बदला. मी आकडाच बदलते. विंडोजवर नेटस्टॅटमध्ये (पोर्ट कोण वापरतंय ते दाखवणारी कमांड) कुणीच दिसत नाही आणि तरी पोर्ट मिळत नाही, असं झालं तर तो विंडोजने राखून ठेवलेल्या पट्ट्यात असू शकतो. 'नेटएसएच'ने वगळलेल्या पोर्टांची यादी बघता येते.

१७२.१७.०.२ असा कंटेनरचा आयपी शोधून तोच ब्राउझरमध्ये टाकणारेही भेटतात. लिनक्सवर हे चालतं. मॅक आणि विंडोजवर कंटेनर एका लपलेल्या लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये असतात, विंडोजवर साधारणपणे डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) मध्ये, त्यामुळे तो आयपी तुमच्या डेस्कटॉपवरून सहसा लागत नाही. पिंग करण्यात वेळ घालवू नका.

ऑफिसचा व्हीपीएन जोडल्यावरच कंटेनरमधून ऑफिसचे आतले सर्व्हर लागेनासे होत असतील तर डॉकर आणि ऑफिस दोघांचे आयपी-पट्टे तपासा. डॉकर १७२.१७ पासूनचे पट्टे घेतो आणि बऱ्याच ऑफिसांतही तेच असतात. सेटिंग्जमधल्या 'डॉकर इंजिन' पानावर 'डीफॉल्ट ॲड्रेस पूल्स'मध्ये मोकळा पट्टा द्या. जुनी नेटवर्कं मात्र आपोआप बदलत नाहीत, म्हणून त्या प्रोजेक्टमध्ये 'कंपोज डाउन' करून पुन्हा 'अप' करा.